केदारखेड्याची चौथी साळू

केदारखेड्यात त्या काळी साळू नावाच्या चार बायका होत्या, आणि त्यांतल्या तिघी पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या.

पहिली साळू पाटलीण, म्हणजे काकासाहेब पाटलांची बायको. तिच्या हातचं लोणचं चार-चार वर्षं टिकायचं. भोकरदनच्या तहसीलदाराच्या घरी दरसाल एक बरणी जाते असं लोक सांगायचे, आणि पाटलीणबाई ते कधी खोडून काढायच्या नाहीत. दुसरी हाडाची साळू. झाडावरून पडलेला, बैलानं उडवलेला, कुणीही असो, त्याला खाटेवर घालून तिच्या दारात आणायचे. ती त्याला सासुरवाडीची खुशाली विचारत बसायची आणि बोलता बोलता असा झटका द्यायची, की हाड बसलं हे त्याला स्वतःची बोंब ऐकल्यावरच कळायचं. तिसरी गळ्याची साळू. ती जात्यावर बसली की गल्लीतल्या बाकीच्या बायका आपली जाती थांबवायच्या. कुणाच्या घरची हळद असली की तिला न्यायला गाडी यायची, तीही गादी घातलेली.

चौथी रखमाजीची बायको. तिला सगळे नवी साळू म्हणायचे.

ती डोंगराच्या अंगाला असलेल्या धावड्याची. माहेरचं नाव चतुरा. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा सासूनं, सोनूबाईनं, नाव बदलून साळू ठेवलं. त्यालाही कारण होतं. गावात पूर्वी एक म्हातारी साळूबाई होऊन गेली होती. ती सून म्हणून आली त्याच महिन्यात तिच्या घरच्या कोरड्या विहिरीला पाणी लागलं होतं. तेव्हापासून साळू नावाची सून आणली की घराला बरकत येते, असं गावानं धरलं. तीन घरांनी तसं केलं, तिन्ही घरं वर आली. "मंग आपणच का मागं राह्याचं?" असं सोनूबाई म्हणाली, आणि चतुराची साळू झाली.

हाक मारताना ओळखायला म्हणून लोकांनी 'नवी' जोडलं, ते तसंच राहिलं. पहिली मुलगी झाली तरी ती नवी. दुसरा मुलगा झाला तरी नवी. लग्नाला चौदा वर्षं झाली, मुलीला स्थळं बघायची वेळ आली, तरी विहिरीवर "नवे, जरा बाजूला सरक की," असंच ऐकू यायचं. ती सरकायची. तिला राग यायचा नाही. फक्त कधी कधी वाटायचं, की माणूस किती दिवस नवं राहू शकतं?

तिच्या अंगात एक गुण होता, पण तो तिला गुण वाटायचा नाही. धावड्याला तिची आई करायची म्हणून तीही करायची. पौषात रब्बीची ज्वारी कणसावर आली, की ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या कमरेला खोचून रानात शिरायची आणि दोन-तीन दिवस नुसती हिंडायची. एखाद्या ताटापाशी थांबायची, कणीस हातात घेऊन दाबून बघायची, एक दाणा दाताखाली धरायची. मनास आलं तर त्या ताटाला चिंधी बांधायची. सुगीला चिंधीची कणसं वेगळी खुडायची, त्यांच्या जुड्या चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगायच्या, आणि पेरणीला तेवढंच बी काढायचं. बाकीचं गाव पोत्यातलं मिळंल ते बी पेरायचं. रखमाजीच्या रानातली ज्वारी शेजाऱ्यापेक्षा गच्च का दिसते, याचं उत्तर गावानं 'जमीन चांगली' असं देऊन टाकलं होतं.

त्या साली, एकोणीसशे अडतीसच्या पौषात, निजाम सरकारच्या शेतकी खात्याचा एक साहेब दौऱ्यावर आला. पूर्णेच्या काठानं जाताना त्याच्या घोड्याचा नाल निघाला, म्हणून तो आणि त्याचा कारकून पायीच निघाले. वाटेवरच्या रानात एक बाई ज्वारीच्या ताटांना फडकी बांधून राहिली होती. साहेबाला वाटलं, देवाचं काही असेल.

"बाई, ये क्या नवस है?" त्यानं विचारलं.

नव्या साळूनं पदर पुढं ओढला. "नवस न्हाई. बियाण्याचे हायेत हे."

साहेब बांध ओलांडून आत आला. बांधाच्या कडेला एक भलंमोठं कणीस डोलत होतं, त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाला, "तो फिर इसको क्यों नहीं बांधा? सबसे बडा तो यही है."

नवी साळू हसली. परक्या माणसापुढं ती एरवी बोलली नसती, पण हा प्रश्नच असा होता, की उत्तर आपोआप तोंडातून निघालं. "बांधावरचं ते. त्याला वाटणीदार कोण? एकटंच खाऊन माजलंय. मधातल्या गर्दीत राहून बी जे भरलं, ते खरं."

साहेब गर्दीतल्या एका चिंधीपाशी वाकला. मग त्यानं तिला आणखी विचारलं. ही का बांधली, ती का सोडली, दाणा चावून काय कळतं. ती सांगत गेली. त्यानं तीन कणसं मागून घेतली आणि कारकुनाला नाव लिहायला सांगितलं.

"नाव?"

"साळूबाई."

"शौहर का नाम? मालकाचं नाव?"

नवी साळू गप्प. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? रखमाजी तर तिकडं विहिरीवर मोट हाकत होता. ती जमिनीकडं बघत राहिली. कारकून थांबला, पुन्हा विचारलं, पुन्हा थांबला, आणि मग वही मिटून चालता झाला.

माघात चावडीवर सरकारी कागद आला. उर्दूतला कागद गावात दोघांनाच वाचता यायचा. त्यांतले एक शाळेचे गजानन मास्तर. त्यांनी चष्मा पुसून मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं, "केदारखेड्याच्या साळूबाईंनी फाल्गुनात जालन्याला भरणाऱ्या नुमाइशीत, म्हणजे प्रदर्शनात, आपल्या हुनराचा नमुना घेऊन हजर राहावं. सरकारकडून इनाम मिळेल."

"नवऱ्याचं नाव?" काकासाहेबांनी विचारलं.

"लिहिलेलं नाही."

झालं. चावडीवर तासभर वाद झाला आणि संध्याकाळपर्यंत तो घराघरात पोचला. पाटलीणबाईंना शंकाच नव्हती. तहसीलदाराकडून लोणच्याची कीर्ती वर गेली असणार. हाडाच्या साळूला आठवलं, की दोन सालांमागं तिनं एका अंमलदाराच्या शिपायाचा खांदा बसवला होता. गळ्याच्या साळूनं काही कारण शोधलंच नाही. हुनर म्हटल्यावर गळाच की! तिनं त्या दिवसापासून ज्येष्ठमध तोंडात धरला आणि बोलणं बंद केलं. नवऱ्याशीसुद्धा ती खुणांनी बोलायला लागली, आणि तो म्हणे फार सुखात होता.

शेवटी काकासाहेबांनी निवाडा दिला. "तिघी बी जा. सरकारला कोण पायजे ते सरकार बघून घेईल."

चौथीचं नाव कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

नव्या साळूला विहिरीवर हे कळलं तेव्हा ती अर्धीच घागर घेऊन निघाली. घरी येऊन तिनं रखमाजीला सगळं सांगितलं. साहेब, कणसं, कारकुनाची वही.

"मंग सांग की जाऊन," रखमाजी म्हणाला.

"काय सांगू? सरकारनं मला बोलावलंय म्हणू? चिंध्या बांधते म्हणून? हसून मरतील बाया."

रखमाजी तसा कमी बोलणारा माणूस. त्यानं चंची काढली, पान लावलं, आणि पान चघळत म्हणाला, "काकासाहेबांनी मला बैलगाडी मागितलीय. तिघींना जालन्याला न्यायला. तू बी चल."

"मी कशाला?"

"भाकरी थापायला. दोन रोजाचा परवास हाय. पाटलीण काय चुलीपुढं बसणार व्हय?"

निघायच्या दिवशी पहाटे नवी साळू आढ्यावरची जुडी काढायला गेली, तर जुडी तिथं नव्हती. ती घाबरली. सोनूबाई अंथरुणात बसल्या बसल्या म्हणाली, "पिठाच्या गाठोड्याखाली ठेवलीय. आन् ते हिरवं लुगडं नेस. सरकारापुढं काय चिंध्या नेसून जाशील?"

सासूला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण सोनूबाईला घरातलं सगळं कळायचं.

तांबडं फुटायच्या आत गाडी निघाली. पाटलीणबाई बरणी मांडीवर घेऊन मधोमध बसल्या होत्या. हाडाच्या साळूपाशी बांबूच्या कामट्यांचा भारा आणि पाल्याचं गाठोडं होतं. गळ्याची साळू डोक्याला फडकं गुंडाळून गप्प. नवी साळू मागच्या टोकाला, पाय खाली सोडून, पिठाच्या गाठोड्याला टेकून.

दुपारी राजूरला गणपतीपुढं नारळ फोडला आणि धर्मशाळेत मुक्काम केला. नव्या साळूनं तीन दगड मांडून भाकरी थापल्या. "नवे, तू काय बघणार जालन्यात?" पाटलीणबाईंनी मोठ्या मनानं विचारलं.

"आगगाडी बघीन," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका ओढ्यात चाक आदळलं आणि बरणीचं तोंड सुटलं. लोणच्याचं तेल पाटलीणबाईंच्या लुगड्यावर आणि तिथून हाडाच्या साळूच्या पाल्यावर. पाटलीणबाई रखमाजीवर ओरडल्या, हाडाची साळू पाटलीणबाईंवर ओरडली, आणि गळ्याची साळू, जी इतक्या दिवसांत अवाक्षर बोलली नव्हती, खो खो हसत सुटली. मग घाबरून तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

जालन्यात कुंडलिका ओलांडून गाडी मैदानावर आली. मोठा मांडव, त्यात कापसाची बोंडं, हातभर मुळे, शिंगं रंगवलेले वळू, लोखंडी नांगर. माणूस मावत नव्हता. रखमाजीनं गाडी मांडवाच्या मागं सोडली. नवी साळू जुडी पदराखाली धरून गाडीपाशीच उभी राहिली.

कारकुनानं कचेरीच्या उर्दूत पुकारा केला, "मुसम्मात साळूबाई, साकिन केदारखेडा!"

तिघी एकदम उठल्या.

कारकुनानं वहीत पुन्हा पाहिलं. "साळूबाई कोण?"

"मी," तिघी म्हणाल्या.

पाटलीणबाईंनी बरणी पुढं केली. कारकुनानं एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि दुसरी घेतली. तेवढ्यात हाडाच्या साळूनं शेजारच्या एका माणसाचं मनगट धरून "हे कधी मुरगळलं?" म्हणून विचारलं, आणि त्यानं उत्तर द्यायच्या आत कट् आवाज झाला. तो आधी किंचाळला, मग बोटं हलवून बघायला लागला. गळ्याच्या साळूनं तर कुणाची वाटच पाहिली नाही. कोंडलेला गळा तिनं असा सोडला, की वळूंपुढली गर्दी इकडं वळली. एका ओवीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. लोक "वाह! और एक!" म्हणायला लागले.

साहेब आला. हात बांधून एक ओवी पुरती ऐकली, मान डोलावली. मग चहूकडं बघून म्हणाला, "बहुत खूब. लेकिन वो बाई कहाँ है? चिंध्यावाली?"

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. चिंध्यावाली कोण?

मांडवाच्या मागं रखमाजी बायकोच्या कानाशी वाकला. "जा की."

"नगं. जाऊ आपण घरी."

"हे बघ," तो म्हणाला, "आता न्हाई गेलीस तर ही जुडी आत्ताच्या आत्ता बैलापुढं टाकतो. बिलकुल टाकतो."

त्यानं जुडीला हात घातलासुद्धा. नव्या साळूनं ती हिसकावून घेतली आणि त्याच झपाट्यात मांडवात शिरली. गर्दीनं वाट दिली. साहेबापुढं येऊन ती म्हणाली, "मी हाय." आणि मग, तिघींकडं बघून, जरा हळू आवाजात, "मी बी साळूच हाय."

साहेबानं जुडी हातात घेतली, कणीस वर धरून लोकांना दाखवलं. शेतकी खात्यात हजारो रुपये खर्चून जे करायचा आम्ही प्रयत्न करतो, ते ही बाई जुन्या लुगड्याच्या चिंधीनं करते, असं काहीतरी तो बोलला. नव्या साळूला त्यातलं निम्मंच कळलं. कारकून पुन्हा वही उघडून समोर बसला होता, आणि एका पुडीत नमुन्याचं बी भरायला त्यानं कागद घेतला होता.

"आता तरी मालकाचं नाव सांगा बाई. बिना नावाची सनद कशी लिहू?"

ती पुन्हा गप्प झाली. तेव्हा गळ्याच्या साळूनं पुढं होऊन तिला कोपरानं ढोसलं. "अगं, उखाणा घे ना. लाजतीस काय?"

नव्या साळूनं दम घेतला आणि डोळे मिटून म्हणाली,

"चुलीवरच्या धुरात टांगली कणसांची जुडी,
रखमाजीरावांचं नाव घेते, भरा आता पुडी."

मांडव हसला. कारकून हसत हसत लिहायला लागला. रखमाजी मांडवाच्या खांबामागं गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. बक्षीस म्हणून सनद आणि एक पितळी हंडा मिळाला. हंडा एवढा मोठा होता, की परत येताना गाडीतली एक जागा त्यातच गेली.

परतीच्या वाटेवर जालन्याची वेस मागं पडली. मग हाडाच्या साळूनं विचारलं, "तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"चिठ्ठी आली तवापास्नं."

"आन् तरी राजूरला आमच्या भाकरी थापत बसलीस?"

"भूक लागल्ती ना तुमाला," नवी साळू म्हणाली.

हाडाची साळू इतकी हसली, की कामट्यांचा भारा खाली पडला. गळ्याची साळू तर आधीपासूनच हसून राहिली होती. पाटलीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी रिकामी बरणी मांडीवर घेतली आणि केदारखेडा येईपर्यंत तोंड फिरवून बसल्या. पुढं सहा महिने त्यांनी रखमाजीच्या घराशी बोलणं टाकलं.

भाद्रपदात, पेरणी तोंडावर आली तेव्हा, एक दिवस पाटलीणबाई सूप घेऊन रखमाजीच्या दारात उभ्या राहिल्या. सोनूबाईनं पाट टाकला. बसल्या. पाणी प्याल्या. पावसाचं बोलल्या, सुनेचं बोलल्या. शेवटी सूप पुढं सरकवून म्हणाल्या, "त्या तुझ्या बियाण्यातलं पसाभर दे. आमच्या रानात बी बघू काय व्हतं ते."

नव्या साळूनं सूप काठोकाठ भरलं. जाताना उंबऱ्यावर थांबून पाटलीणबाई म्हणाल्या, "तुला नवी म्हणायचं आता सोडावं लागंल."

आणि गावानं सोडलंही. गजानन मास्तरांनी 'बियाण्याची साळू' असं छानसं नाव सुचवून पाहिलं. पण लोकांच्या तोंडी बसलं ते साहेबाचंच. ती चिंध्याची साळू झाली. सोनूबाईला हे बिलकुल पटलं नाही. "हंडा मिळाला ते कुणी बोलत न्हाई, चिंध्या बराबर ध्यानात राह्यल्या!" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. पण जिचं नाव होतं तिला ते आवडलं. धावड्याला माहेरी गेली तेव्हा भावानं चेष्टा केली, तर म्हणाली, "माझ्या कामाचं नाव हाय. तुझं हाय का?"

पुढली दहा वर्षं पौष आला की तिच्यासोबत रानात पाच-सहा बायका हिंडू लागल्या. हळूहळू केदारखेड्याची ज्वारी बाजारात ओळखू यायला लागली. टपोरी, पांढरी, भाकरीला गोड.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. त्या उन्हाळ्यात निजामाच्या राज्यात लूटमारीची गडबड माजली, गावंच्या गावं उठून सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात सग्यासोयऱ्यांकडं जायला लागली. केदारखेड्याचीही निम्मी घरं निघाली. घर सोडायचं ठरल्यावर चिंध्याच्या साळूला एकच घोर लागला. बियाण्याचं काय करायचं? गाडीत नेलं तर वाटेत जाईल, घरात ठेवलं तर राहणार नाही.

चौघींनी मिळून उपाय काढला. रखमाजीच्या गोठ्यात जुनं पेव होतं, धान्य ठेवायचा जमिनीतला खड्डा, कित्येक वर्षं बुजलेला. भर दुपारी पाटलीणबाई आणि हाडाची साळू कुदळ घेऊन ते उकरायला बसल्या. दोघींनीही साठी गाठली होती. कुदळीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गळ्याची साळू गोठ्याच्या दारात जातं मांडून मोठ्यानं ओव्या म्हणत बसली. तिनं दोन पायल्या ज्वारी दळली तेव्हा कुठं पेव मोकळं झालं. आत लिंबाचा पाला आणि राख, त्यावर बी, पुन्हा राख. तोंड शेणमातीनं लिंपलं, वर गोवऱ्यांचा ढीग रचला.

गणपती उठल्यावर हैदराबादची बातमी आली, निजामाचं राज्य संपलं म्हणून. लोक परतायला लागले. घरं होती, पण कणग्या रिकाम्या होत्या. पेरणीचा मोसम हातचा जात होता, आणि पेरायला मूठभर बी कुणाकडं नव्हतं.

गोवऱ्या हटवल्या. पेव जसंच्या तसं होतं. पण चार महिन्यांच्या पावसाळ्यात आत ओल गेली असली तर? चिंध्याच्या साळूनं मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. तीन दिवस सगळं गाव तिच्या ओसरीवर हेलपाटे घालत होतं. चौथ्या दिवशी सकाळी तिनं फडकं उघडलं. दाण्यादाण्याला पांढरा कोंब आला होता. हाडाच्या साळूनं ते फडकं तिच्या हातातून घेतलं आणि गल्लीभर दाखवत फिरली.

बी घरोघर वाटलं. ज्याच्या घरी बैल होते त्यानं दुसऱ्याला दिले. चिंध्याच्या साळूला जो तो आपल्या रानात पहिली मूठ टाकायला बोलवायचा. असे आठ दिवस गेले, तेव्हा रखमाजी चिडला. "साऱ्या गावाचं पेरून झालं. आपलं रान तसंच पडलंय. आपण काय हंडा पेरायचा?"

नवव्या दिवशी त्यांची पेरणीची पाभर जुंपली. बैल काकासाहेबांचे होते, आणि ते रखमाजीचं ऐकत नव्हते. साळू चाडं, पाभरीवरचा बी सोडायचा वाडगा, धरायला निघाली, तर पाटलीणबाई आधीच येऊन उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, ओटीत बी. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्याच्या रानात पाय ठेवला नव्हता.

"तू बस बांधावर," त्या म्हणाल्या. "आठ रोज झाले तुझ्या पायाला थारा न्हाई."

साळू बसली. पाभर चालू झाली. पाटलीणबाई चाड्यात बी सोडत मागून चालू लागल्या, आणि रखमाजीला घाम फुटला. पाटलीणबाईंना सांगायचं कसं?

"पाटलीणबाई," तो चाचरत म्हणाला, "जरा मूठ आवळा. दाट पडून राह्यलं."

"मला नको शिकवू, रखमाजी. आधी बैल सरळ हाक."

रखमाजीनं मुकाट्यानं कासरा ओढला. दोघंही पाभरीमागं नदीकडच्या टोकापर्यंत गेली आणि तिथून वळून पुन्हा साळूच्या दिशेनं येऊ लागली.